समोर रडू नका

सारंग शिखरे स्टेजवर अडला की डाव्या हाताच्या बोटातली अंगठी फिरवायचा. प्रेक्षकांना वाटायचं, वा, काय बारकाईनं भूमिका बसवलीय! आणि विंगेत स्टुलावर बसलेली त्याची बायको केतकी पुढच्या वाक्याचे पहिले दोन-तीन शब्द त्याच्याकडे सोडायची. ना भाव, ना चढउतार, नुसते कोरडे स्वच्छ शब्द. प्रॉम्प्टरनं अभिनय करायचा नसतो, हे ती लग्नाआधीच, त्याच हौशी नाट्यसंस्थेच्या तालमीत शिकली होती.

सांगलीतल्या बाकीच्या हौशी संस्थांनी केव्हाच कानात घालायचं बटण आणलं होतं. नट थबकला की ते आपोआप वाक्य पुरवायचं. सारंगनं एकदा ते लावून पाहिलं आणि पहिल्या अंकानंतर काढून दिग्दर्शकाच्या हातात ठेवलं. "मी विसरलोय का मुद्दाम थांबलोय, हे ह्याला कळत नाही. केतकीला कळतं," तो म्हणाला.

खोटं नव्हतं ते. त्याच्या श्वासावरून तिला कळायचं. घरात भाजी खारट झाली असली तरी तो आवडल्याचं नाटक करायचा आणि ती पानातली वाटी उचलून म्हणायची, "पुरे, पडदा पाडा आता." दिवसा त्याचं चष्म्यांचं दुकान होतं, ती शाळेत भूगोल शिकवायची, आणि संध्याकाळी तालीम. त्यांची मुलगी ऋजुता, म्हणजे रिजू, त्या तालमींतच सतरंजीवर झोपून मोठी झाली.

शाळेच्या बालनाट्यात रिजूला म्हातारीचं काम मिळालं. शेवटी सगळी मुलं म्हातारीची गोष्ट अर्धवट ऐकून निघतात आणि म्हातारी काठी आपटून ओरडते, "थांबा! माझं अजून संपलेलं नाही!" एवढंच मोठं वाक्य. आठवडाभर घरात दुसरं काही ऐकू आलं नाही. जेवणाचं ताट उचललं तरी तेच, दिवा मालवला तरी तेच. आणि प्रयोगाच्या दिवशी बाईसाहेब प्रेक्षकांतल्या मैत्रिणी शोधण्यात इतक्या गुंगल्या की वाक्य विसरल्या. तिनं विंगेत बसलेल्या आईकडे पाहिलं. मग अगदी गंभीर चेहऱ्यानं डावा हात वर केला आणि बोटातली नसलेली अंगठी फिरवली. सारंगला ओळखणारं अख्खं नाट्यगृह हसून लोटपोट झालं. केतकीला हसू आवरेना, वाक्य देताना तिचा आवाज फुटला, आयुष्यात पहिल्यांदा.

उन्हाळा सुरू होता होता रिजूला ताप आला. तो मेंदूत चढला, आणि आठवड्याच्या आत रिजू गेली. अकरा वर्षांची होती.

अशा घरी सुतकातच दुःख उतरवणारा, निवळीचा डॉक्टर येतो, हे तोवर दूधवाल्याच्या येण्याइतकं अंगवळणी पडलं होतं. शिखऱ्यांकडे मिरजेहून डॉ. नाझनीन मुजावर आल्या. वयानं पन्नाशीच्या, हळू बोलणाऱ्या. सारंगची मोठी बहीण, आक्का, इस्लामपूरहून आली होती. तिनंच त्यांना आत घेतलं, पाणी दिलं आणि पदर सावरून समोर बसली.

"घडलेली गोष्ट आणि तिची कळ मेंदूत वेगवेगळ्या जागी राहतात," डॉक्टर सांगू लागल्या. "काय झालं ते एकीकडे, आणि ते होताना काळजात जे झालं ते दुसरीकडे. पहिले काही दिवस ह्या दोहोंतली गाठ कच्ची असते. आपण झोपलो की मेंदू सगळं पुन्हा उलगडून बघतो, आणि प्रत्येक झोपेत ती गाठ थोडी थोडी आवळत नेतो. आम्ही नाकात दोन थेंब देतो आणि झोपताना कपाळाला पट्टी. मेंदूनं ती आठवण काढली की पट्टीला समजतं, आणि नेमक्या तेवढ्या वेळात ती कळ उठवणाऱ्या भागाला गप्प ठेवते. सुतक फिटेपर्यंत रोज केलं की आठवण पक्की होते, पण कळ तिला बांधली जात नाही."

"म्हंजी पोरगी इसरायची?" आक्काचा आवाज चढला.

"नाही हो आक्का. एक गोष्टसुद्धा नाही. गढूळ पाण्याच्या घागरीला आतून निवळीचं बी घासायचे ना जुन्या बायका? तसं. पाणी तेच राहतं, गाळ तेवढा खाली बसतो."

आक्कानं आपल्या आजीला तसं बी घासताना पाहिलं होतं. ती जरा निवली.

"दोन गोष्टी मात्र नीट ऐका," डॉक्टर सारंग-केतकीकडे वळल्या. "घ्यायची तर दोघांनी घ्या. एकाचं पाणी निवळलेलं आणि एकाचं गढूळ, अशी घरं आम्ही मोडताना पाहिली आहेत. आणि त्यानंतर वर्षभर एकमेकांच्या समोर रडू नका. निवळलेल्या माणसासमोर त्याचंच माणूस कळवळून रडलं, तर बसलेला गाळ अर्धवट ढवळतो. मग कारण नसताना धडकी भरते, झोप जाते, माणूस भ्रमिष्टासारखा होतो. वर्ष उलटलं की भीती नाही. मग कितीही रडा."

डॉक्टर गेल्यावर दोघं स्वयंपाकघरात उभी राहिली. सारंग एक स्वच्छच असलेलं पातेलं घासत होता.

"तू घेणार?" त्यानं विचारलं.

"तू?"

"तू घेशील तर मी घेतो."

"मीपण तेच म्हणणार होते," केतकी म्हणाली.

झालं, ठरलं. इतकी मोठी गोष्ट इतक्या थोड्या शब्दांत ठरवायची नसते, पण त्या घरात त्या दिवशी कोणात बळ होतं? त्याला वाटलं, हिला सुटायचंय. तिला वाटलं, ह्याला सुटायचंय. आणि दोघांनी मान हलवली.

केतकीनं पट्टी एकदाही लावली नाही. लावायला घेतली होती, नाही असं नाही. पण कपाळाशी नेताना तिच्या मनात आलं, पोर जळून गेली, तिची पुस्तकं आक्का बांधून ठेवतेय, तिचं ह्या घरात उरलंय काय? आपल्याला दुखतंय तेवढंच. तेही धुऊन टाकायचं? तिनं पट्टी उशीखाली सरकवली. शेजारी सारंग पाठ करून झोपला होता. पट्टीचा बारीक हिरवा दिवा त्याच्या डोक्याशी दिसत होता. तो तरी शांत झोपू दे, असं म्हणून तिनं तोंडात पदराचा बोळा कोंबला.

कोणाची पट्टी लागली आणि कोणाची नाही, हे डॉक्टरांना मिरजेत बसून दिसायचं. त्यांचा फोन आला. केतकीनं स्पष्ट सांगितलं, "मला नकोय. पण सारंगला कळू देऊ नका. त्याला कळलं तर तोही सोडून देईल."

"एकाचं दुसऱ्याला सांगायची आम्हाला परवानगीच नाही," डॉक्टर म्हणाल्या. "तुम्हीच सांगा ना त्यांना. आजच सांगा."

"नाही. वर्षभर मी सांभाळेन," केतकी म्हणाली आणि फोन ठेवला.

आणि तिनं सांभाळलं. शाळेत नकाशांची एक अडगळीची खोली होती. भिंतीवर टांगायचे कापडी नकाशे आता कोणी वापरत नव्हतं, त्यामुळे तिकडे कोणी फिरकायचं नाही. मधल्या सुट्टीत ती तिथे जाऊन रडायची आणि तोंड धुऊन वर्गावर यायची. घरी यायच्या आधी जिन्यात थांबून चेहरा नीट करायची. एवढी वर्षं विंगेत बसली होती. आता रोज संध्याकाळी स्वतःच स्टेजवर जायची.

सारंगचं मात्र काही वेगळंच चाललं होतं. सुतक फिटलं त्याच दिवशी त्यानं अंगठी काढून ठेवली. "बोट सुजतंय गं," म्हणाला. रिजूची सायकल त्यानं खालच्या मजल्यावरच्या मुलीला देऊन टाकली, शिवाय सीट खाली करून द्यायला स्वतः गेला. न्हाणीघरात नळ सोडून तासन्‌तास बसायचा. केतकी ओरडली की आतून गाणं म्हणायचा. कधी डोळे लाल दिसले तर काचा घासायच्या मशीनची धूळ. आता चष्मे आपला नंबर आपणच बदलून घेतात, काचा घासायला येतं कोण? पण हे तिच्या ध्यानात आलं नाही. येणार कसं? निवळलेल्या माणसाचे डोळे दुसऱ्या कशानं लाल होतील?

एकदा ती त्याच्या दुकानात गेली. रिजूच्याच वयाची एक मुलगी आरशासमोर बसली होती आणि सारंग तिच्या कानामागे चष्म्याची काडी बसवत होता. "हा घातलास तर गणिताच्या बाई घाबरतील तुला," तो म्हणाला. मुलगी खुदकन हसली, तोही हसला. केतकी दारातूनच परत फिरली. त्या दिवशी तिला त्याचा राग आला, इतका की आपलं आपल्यालाच भय वाटलं. अरे, तुझी होती ना ती? तुझ्यासारखी नक्कल करायची ना? एवढी कशी निवळली रे तुझी घागर?

नाट्यस्पर्धेसाठी संस्थेनं त्या वर्षी फार्स घेतला. सारंग नको म्हणेल असं वाटलं होतं, पण त्यानं मुख्य काम केलं आणि रौप्यपदक मिळवलं. केतकी विंगेत संहिता घेऊन बसली होती. तो एकदाही अडला नाही. डोक्यात ओझं नसलं की पाठांतर किती छान होतं, असं तिच्या मनात आलं, आणि ते फार कडू होतं.

आक्का येता-जाता कौतुक करायची. "बघ की गं, कसा सावरला माझा भाऊ. तूबी सावरलीस. त्या डॉक्टरीनबाईचं भलं होऊ दे." केतकी मान हलवायची आणि चहा टाकायला उठायची.

रिजूच्या वाढदिवसाला सारंग बासुंदी घेऊन आला. दोन वाट्यांत ओतली, केतकीसमोर एक सरकवली आणि म्हणाला, "पिवळ्या फ्रॉकसाठी दुकानात लोळण घेतली होती बाईनं, आठवतंय? दुकानदार म्हणाला, फुकट घेऊन जा पण हिला उचला!" आणि तो हसला. हसू जरा जास्तच लांबलं. एरवी केतकीनं तिथल्या तिथे वाटी उचलून म्हटलं असतं, पुरे, पडदा पाडा आता. पण तिला फक्त एवढंच दिसलं की आपण ह्या घरात एकट्या आहोत. मेलेलीसाठी रडणारं दुसरं माणूस असतं तर तिनं जन्मभर सोसलं असतं. एकटीला सोसेना. वर्ष सरायला थोडेच दिवस उरले होते, पण त्यानं काय होणार होतं? वर्षानंतर तिला रडायची मुभा मिळणार होती. त्याचं रडू परत येणार नव्हतं.

दुसऱ्या दिवशी शाळेतून ती थेट मिरजेला गेली.

डॉ. मुजावरांनी तिला बसवलं. "पक्की झालेली गाठसुद्धा सुटते," त्या म्हणाल्या. "पण त्यासाठी आठवण पूर्ण जागी करावी लागते. मोठ्यानं सांगावी लागते, काहीही न वगळता. जागी झालेली आठवण काही तास परत मऊ पडते, तेवढ्यात औषध द्यायचं. आणि केतकीताई, असं उशिरा निवळलं की समोर कोणी कितीही रडलं तरी ढवळत नाही, गाळ परत वर आणता येत नाही. मागून पस्तावून उपयोग नाही."

"चालेल."

"घरी बोललात? सारंगरावांशी?"

"त्यांना काय कळणार आहे आता?"

डॉक्टरांनी हातातलं पेन टेबलावर ठेवलं, परत उचललं. "मी तुम्हाला हात जोडून सांगते. आज घरी जा. एकदा, फक्त एकदा, त्यांच्याशी बोला. मग उद्या या, मी काही विचारणार नाही."

"वर्ष व्हायचंय अजून. मी रडले आणि त्याला काही झालं तर?" केतकी म्हणाली. "तुम्हीच सांगितलं होतंत."

ह्यावर डॉक्टरांना बोलता येण्यासारखं एकच वाक्य होतं, आणि तेच बोलायला त्यांना बंदी होती. त्यांनी तिच्यापुढे पाण्याचा पेला ठेवला.

मग केतकीनं सांगितलं. दवाखान्यातली शेवटची सकाळ. रिजू तापात बरळत होती, म्हातारीची सगळी वाक्यं एकामागून एक. "थांबा" म्हणाली आणि अडली. डोळे अर्धे उघडून तिनं आईकडे पाहिलं आणि चादरीवर तिचं बोट हललं, अंगठी फिरवल्यासारखं. "मला वाक्य येत होतं, डॉक्टर. एवढ्या वर्षांत मी कोणाला अडू दिलं नाही. माझ्या पोरीला मी वाक्य दिलं नाही. मला शब्दच फुटला नाही. ती वाट बघत राहिली आणि मग..." पुढचं तिनं कसंबसं संपवलं. डॉक्टरांचे डोळे भरून आले. त्यांनी औषध दिलं, पट्टी बांधली आणि तिला निजवलं.

अशा थोड्या बैठका झाल्या. शेवटच्या बैठकीहून परतताना बसमध्ये केतकीला भूक लागल्याचं जाणवलं. खूप महिन्यांनी लागलेली खरी भूक. तिनं रिजूची आठवण काढून पाहिली. पिवळा फ्रॉक आठवला, चादरीवरचं बोट आठवलं, सगळं लख्ख. भूगोलाच्या पुस्तकात नदी जशी उगमापासून मुखापर्यंत दाखवलेली असते तसं. कुठेच काही दुखलं नाही. तिला बरं वाटलं, आणि तिनं स्टँडवर उतरून भडंग घेतलं.

पुढच्या रविवारी सकाळी सारंगनं चहा केला. दोन कप टेबलावर ठेवले, खुर्ची ओढून तिच्यासमोर बसला. दाढी केलेली, धुतलेला शर्ट, पहिल्या प्रयोगाला निघाल्यासारखा. बोलायच्या आधी दोनदा घसा खाकरला.

"काल वर्ष झालं," तो म्हणाला. "मी मिरजेला फोन करून विचारून घेतलं. आता तुझ्यासमोर रडलो तर तुला काही होणार नाही ना म्हणून. त्या बाई काही बोलेनातच. मग म्हणाल्या, नाही, आता त्यांना काही होणार नाही."

केतकीनं कप खाली ठेवला.

"मी पट्टी लावलीच नाही गं," सारंग म्हणाला. "एकदाही नाही. नुसती चालू करून उशाशी ठेवायचो. मला वाटलं, तुला सुटायचंय, आणि मी नाही म्हटलं तर तू माझ्यासाठी अडकून पडशील. मग तू इतकी शांत दिसायला लागलीस... तुला धक्का लागू नये म्हणून मी... नळ सोडून बसायचो न्हाणीघरात. अंगठी काढली, कारण ती बोटात असती तर तू एका दिवसात ओळखलं असतंस. सायकल दिली, कारण जिन्यात दिसली की पाय उचलत नव्हता. बासुंदीच्या दिवशी तर वाटलं, आता फुटलो." त्याचा चेहरा वाकडा झाला. "केतकी, वर्षभर मी एकट्यानं... मला तुझ्याजवळ रडायचंय."

आणि तो रडला. टेबलावर डोकं टेकवून, तोंड उघडं टाकून, लहान मुलासारखा हुंदके देत. वर्षभर साठलेलं सगळं बाहेर आलं.

नकाशांच्या खोलीत बसून केतकीनं ह्याच क्षणासाठी देवाला साकडं घातलं होतं. तिला ते आठवत होतं, अगदी शब्दन्‌शब्द. हा माणूस माझ्याइतकाच जळतोय एवढं कळू दे, दुसरं काही नको. आता ते कळलं होतं. त्याच्या श्वासावरून वाक्य ओळखणारी ती, वर्षभर त्याचं ऐकत होती आणि विश्वास ठेवला तो एका पट्टीच्या हिरव्या दिव्यावर. हेही तिला नीट समजलं. आता आपण उठून त्याला मिठी मारायला हवी, असं वाटून ती उठली, त्याच्यामागे जाऊन उभी राहिली आणि त्याच्या पाठीवरून हात फिरवू लागली. शेजारच्या घरी कोणी गेलं की आपण जाऊन फिरवतो, तसा. आत कुठेतरी काही हलेल म्हणून तिनं वाट पाहिली. आत सगळं निवळलेलं होतं, तळापर्यंत.

"मी त्या सकाळी दारात होतो," सारंग हुंदक्यांतून म्हणाला. "तिनं बोट फिरवलं ते मी पाहिलं. मलाही वाक्य येत होतं. मी दिलं नाही. मला वाटलं, तू देशील. आणि तू... तुला किती झालं असेल... मी तेव्हापासून तुला सांगणार होतो, तुझी चूक नाही."

"हो," केतकी म्हणाली.

त्या एका शब्दानं तो थांबला. हळूहळू त्यानं मान वर केली आणि मागे वळून तिच्याकडे पाहिलं. डोळे कोरडे, चेहरा नितळ, कपाळावर एक आठी नाही. तो पाहत राहिला. मिरजेच्या बाई फोनवर एवढा वेळ गप्प का होत्या, हे बहुधा त्याच्या त्याच क्षणी ध्यानात आलं.

"कधी?" त्यानं विचारलं.

"गेल्या आठवड्यात संपलं," ती म्हणाली. "मला वाटलं, तू नाहीस माझ्याबरोबर."

सारंगनं शर्टाच्या वरच्या खिशात बोटं घातली आणि अंगठी काढली. वर्षभर ती रोजच्या शर्टाच्या खिशातच होती, कपाटात नव्हती. त्यानं ती बोटात चढवली, केतकीच्या चेहऱ्यावरची नजर न काढता. आणि मग फिरवली.

अडलेल्या माणसाला आता कोणतं वाक्य हवंय, हे तिला विचारावं लागलं नाही. ते तिला अजून पाठ होतं. तिनं त्याच्याकडे पाहिलं आणि विंगेतून सांगावं तसं, कोरडं आणि स्वच्छ सांगितलं, "थांबा. माझं अजून संपलेलं नाही."

सारंग वाट पाहत राहिला, की तिचा आवाज कुठेतरी फुटेल. चहा गार झाला होता. केतकीनं दोन्ही कप उचलले आणि पुन्हा गरम करायला ठेवले.